अपू मोठा झाला, दुर्गा राहिली

 

आज आपण एका सिनेमाचा इतिहास पाहणार आहोत. सिनेमा बंगालीतला आहे, ‘पथेर पांचाली’. पथ म्हणजे वाट. पांचाली म्हणजे बंगालमध्ये गाऊन सांगतात ती लांबलचक कथा, आपल्याकडच्या आख्यानासारखी. म्हणजे वाटेची कथा. सत्यजित राय यांनी विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून तो केला आणि १९५५ साली तो लोकांसमोर आला. खेड्यातल्या अपू नावाच्या मुलाच्या वाढत्या वयाची गोष्ट म्हणून तो जगभर ओळखला जातो. अपूला एक थोरली बहीण आहे, दुर्गा. आम्ही आज या दुर्गाच्या बाजूने ही गोष्ट सांगणार आहोत. कारण एकाच घरात, एकाच ताटाभोवती वाढणाऱ्या दोन लेकरांपैकी मोठं व्हायची वाट एकालाच मिळते, आणि ते आपल्याला नवीन नाही.

पुस्तकात दुर्गा कशी आली

विभूतिभूषण यांचा जन्म १८९४ चा. वडील पुराणकथा सांगून पोट भरणारे. घरात विद्या होती, पैसा नव्हता. विभूतिभूषण पुढे शिक्षक झाले, काही वर्षं बिहारमधल्या भागलपूरकडे एका जमिनदारी इस्टेटीवर नोकरीला होते. तिथल्या रानात राहून त्यांनी आपल्या बंगाली खेड्याची आठवण कागदावर उतरवली. ती आधी मासिकातून क्रमशः आली आणि १९२९ साली पुस्तक झाली.

या लेखनाबद्दल बंगालमध्ये एक हकिगत सांगतात. पहिल्या खर्ड्यात म्हणे दुर्गा नव्हतीच. भागलपूरला एकदा लेखकाला वाऱ्याने केस विस्कटलेली एक मुलगी दिसली. तिचा चेहरा मनातून जाईना. या मुलीशिवाय आपली गोष्ट अपुरी आहे असं त्यांना वाटलं, आणि लिहिलेलं बाजूला सारून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. एका अनोळखी मुलीमुळे अख्खी कादंबरी पालटली. ती मुलगी कोण, तिचं पुढे काय झालं, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

कादंबरीतलं घर हरिहर रायचं. निश्चिंदिपूर नावाचं गाव, पडकं घर, आजूबाजूला बांबूचं बन. हरिहर पूजापाठ करणारा, पोथ्या-नाटकं लिहायची स्वप्नं पाहणारा. बायको सर्वजया. मुलगी दुर्गा, मुलगा अपू. आणि नात्यातली एक म्हातारी, इंदिर ठाकरुण. मुलं तिला ‘पिशी’ म्हणतात, म्हणजे आपली आत्या.

ही म्हातारी या घरात का राहते? तिचं स्वतःचं घर कुठे आहे? याचं उत्तर पुस्तकात आहे आणि ते बंगालच्या इतिहासातलं मोठं दुखणं आहे. तिथल्या उच्च मानलेल्या ब्राह्मणांत ‘कुलीन’ नावाची प्रथा होती. मुलगी कुलीन घरातच द्यायची, नाहीतर घराण्याला बट्टा लागायचा. कुलीन नवरे थोडे, मुली पुष्कळ. त्यामुळे एकेक पुरुष दहा-वीस, कधी त्याहून जास्त लग्नं करायचा. बायका आपापल्या माहेरीच राहायच्या. नवरा कधीतरी फिरत फिरत यायचा, पाहुणचार आणि पैसे घेऊन पुढच्या सासरवाडीला जायचा. इंदिर ठाकरुण अशाच एका नवऱ्याची बायको. बाप गेला, भाऊ गेला, आणि ती राहिली नात्यागोत्याच्या ओसरीवर. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी या बहुपत्नीत्वाविरुद्ध १८७१ आणि १८७३ साली पुस्तकं लिहिली, कायदा मागितला. तेव्हा तो झाला नाही.

पुस्तक आलं ते १९२९ साल आणखी एका गोष्टीसाठी आपल्या कामाचं आहे. त्याच वर्षी शारदा कायदा मंजूर झाला. मुलीचं लग्नाचं वय किमान १४ आणि मुलाचं १८ ठरलं. दुर्गासारख्या मुलींच्या वयाबद्दल देश भांडत होता, त्याच वेळी बंगालमध्ये दुर्गाची गोष्ट लोक वाचत होते.

सिनेमामागच्या बाया

सत्यजित राय कलकत्त्यात जाहिरातीच्या कचेरीत चित्रकार होते. १९४० च्या दशकात या कादंबरीची मुलांसाठी छोटी आवृत्ती निघाली, तिची चित्रं त्यांनी काढली. तिथेच त्यांच्या मनात सिनेमा रुजला. पण १९५० साली विभूतिभूषण वारले. आता परवानगी कोण देणार? त्यांच्या पत्नी रमा बंद्योपाध्याय. नवऱ्यामागे घर चालवणाऱ्या बाईला जास्त पैसे देणारे दुसरेही होते. पण रमाबाईंना या तरुणाची चित्रं ठाऊक होती, त्याच्या वडील-आजोबांचं बालसाहित्य ठाऊक होतं. त्यांनी रायनाच होकार दिला. रायनी तोवर एकही सिनेमा केलेला नव्हता. सिनेमाच्या इतिहासात हा होकार एका ओळीत येतो. आम्हाला तो त्या गोष्टीचा पाया वाटतो.

पैसे कुणी घालेना. गाणी नाहीत, नट नाहीत, नाच नाही, असला सिनेमा कोण बघणार? रायनी विम्यावर कर्ज काढलं. त्यांच्या पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले. पुढे काम अगदीच थांबलं तेव्हा रायांच्या आईने ओळखीपाळखीतून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री बिधानचंद्र राय यांच्यापर्यंत निरोप पोहोचवला. सरकारने पैसे दिले. नाव ‘वाटेची कथा’, म्हणून ते रस्ते सुधारणेच्या खात्यातून दिले गेले, असं राय पुढे हसत सांगत. शेवटी गावाची सुधारणा झालेली दाखवावी, असं सरकारकडून सुचवलं गेलं. रायनी ते मानलं नाही. पुस्तकात कुटुंब गाव सोडतं, तर सिनेमातही ते गाव सोडणार.

अपूसाठी मुलगा सापडत नव्हता. शेजारच्या गच्चीवर खेळणारा सुबीर बॅनर्जी विजयाबाईंनाच दिसला. आईच्या भूमिकेसाठी रायनी मित्राच्या पत्नीला, करुणा बॅनर्जी यांना विचारलं. त्या शिकलेल्या, शहरातल्या, नाटकात काम केलेल्या. सिनेमात जायचं म्हणताच आधी कचरल्या. सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने बघत, हे आपल्या आया-आज्यांना विचारा. त्यांची लहान मुलगी रुंकी हिनेही काम केलं, छोट्या दुर्गाचं.

मोठ्या दुर्गासाठी आली उमा दासगुप्ता, कलकत्त्याच्या शाळेतली मुलगी. पहिल्या भेटीला ती गळ्यात मोत्यांची माळ घालून आली होती. रायनी ती काढायला सांगितली. माळ नसलेला चेहरा त्यांना हवा होता.

इंदिर ठाकरुणच्या भूमिकेसाठी ऐंशीच्या घरातली, पाठीला बाक आलेली, तरीही संवाद पाठ करू शकेल अशी बाई हवी होती. रंगभूमीवर आणि जुन्या सिनेमात काम केलेल्या चुनीबाला देवी त्यांना सापडल्या. जग त्यांना विसरून गेलं होतं. दिवसाला २० रुपये ठरले. एका दृश्यात त्यांना तिरडीवर बांधून न्यायचं होतं. दृश्य संपलं, दोऱ्या सोडल्या, तरी म्हातारी हलेना. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, झालं का काम? मला कुणी सांगितलंच नाही. सिनेमा लोकांपुढे यायच्या आधीच चुनीबाला गेल्या. पण त्यांना तो बघायला मिळावा म्हणून रायनी त्यांच्या घरी जाऊन तो दाखवला होता.

मैत्रिणींनो, ही नावं आम्ही मुद्दाम घेतली. रमा, विजया, करुणा, उमा, चुनीबाला. पडद्यामागे आणि पडद्यावर या बाया नसत्या तर अपूची गोष्ट आपल्यापर्यंत आलीच नसती.

मुलगी मोठी झाली तर?

पहिलं चित्रीकरण २७ ऑक्टोबर १९५२ ला झालं. बंगालमध्ये काश नावाचं उंच गवत असतं. पावसाळा सरताना त्याला पांढरेशुभ्र तुरे येतात. त्या माळावर दोघं भावंडं धावतात असं दृश्य होतं. एक दिवस काम झालं. पुढच्या रविवारी जाऊन पाहतात तर गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकलेले. दृश्य पुरं करायला पुढच्या वर्षीच्या तुऱ्यांची वाट पाहावी लागली. गुराढोरांत दिवस काढणाऱ्या आपल्याला यात नवल नाही, शहरवाल्यांना मात्र मोठी अद्दल घडली.

बाकीचं बरंचसं काम कलकत्त्याजवळच्या बोडाल गावात झालं. पैशांअभावी मध्ये महिनोन् महिने सगळं बंद पडत होतं. राय नंतर म्हणत की तीन चमत्कारांमुळे हा सिनेमा पुरा झाला. अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही, आणि इंदिर ठाकरुण मेली नाही.

हे त्यांनी गमतीने म्हटलं, आणि त्यात खोट नाही. मुलांची वयं पडद्यावर एकसारखी दिसायला हवी होती. पण यातलं मधलं वाक्य आम्ही ऐकलं की थबकतो. दुर्गा मोठी झाली नाही. गोष्टीतही हेच घडतं. गोष्टीला अपू मोठा व्हायला हवा आहे, आणि दुर्गा तेवढ्याच वयात थांबायला हवी आहे.

पडद्यावर काय दिसतं

अपू आपल्याला पहिल्यांदा कसा दिसतो, ते सांगतो. तो पांघरूण घेऊन झोपला आहे. पांघरुणाला भोक आहे. दुर्गा त्या भोकात बोटं घालून त्याचा डोळा उघडते. पडदाभर एक डोळा. पुढे सगळं गाव, जत्रा, नाटक, पाऊस, मरण, सगळं हाच डोळा पाहणार आहे. आणि तो उघडला कुणी? बहिणीने. तो उठतो, त्याची तयारी होते आणि तो शाळेला जातो. शाळा म्हणजे वाण्याचं दुकान. एकाच माणसाने तराजूत मीठही तोलायचं आणि पोरांना धडाही द्यायचा. तशी असली तरी शाळा आहे. दुर्गाला तीही नाही. कुणी तिला नाही म्हणतसुद्धा नाही. तो विषयच निघत नाही.

हा सिनेमा होत असतानाचा आकडा ऐका. १९५१ च्या जनगणनेत लिहिता-वाचता येणाऱ्या बाया शंभरात नऊसुद्धा नव्हत्या. पुरुष शंभरात सत्तावीस होते. दुर्गा शंभरातल्या त्या एक्क्याण्णव जणींतली.

मग दुर्गा दिवसभर करते काय? रानात हिंडते. बागेतले पेरू उचलते. ती बाग पूर्वी यांचीच होती, कर्जापायी भाऊबंदांकडे गेली. पेरू ती स्वतःसाठी फार ठेवत नाही, म्हाताऱ्या आत्याच्या मडक्यात लपवून ठेवते. आई ओरडते, शेजारीण चोर म्हणते. एकदा शेजारच्या घरातली मण्यांची माळ नाहीशी होते. आळ दुर्गावर. सर्वजया चारचौघांत ऐकून घेते, आणि मग पोरीला केसांना धरून फरफटत बाहेर काढते. गरिबाच्या घरी इज्जत हीच एक वस्तू उरलेली असते, आणि तिची किंमत बहुतेक वेळा मुलीकडूनच वसूल होते.

सर्वजयाला सिनेमा देवी करत नाही. ती नवऱ्याला सुनावते, त्याचा पगार थकलेला आहे. तो परगावी गेल्यावर महिने उलटतात, तेव्हा ती लग्नातली भांडी विकून तांदूळ आणते. अपूला घास भरवते. आणि तीच म्हातारीला घरात टिकू देत नाही. शेवटी आजारी इंदिर परत येते आणि पाणी मागते, तेव्हा सर्वजया जागची हलत नाही, आपलं आपण घ्या म्हणते. म्हातारी पाणी पिते, उरलेलं एका रोपाला घालते आणि निघून जाते. पुढे बांबूच्या बनात मुलांना ती बसलेली दिसते. दुर्गा हलवते आणि म्हातारी कोसळते.

ही दोन माणसं चांगली-वाईट अशी सरळ वाटता येत नाहीत. दोघी एकाच पडक्या घरात, एकाच रिकाम्या डब्यावर जगणाऱ्या आहेत. घरात अन्न कमी पडलं की बाया एकमेकींशी भांडतात, आणि ज्याच्यामुळे ते कमी पडलं तो भांडणात नसतो. सिनेमा हे सांगत नाही, दाखवतो. इंदिर ही सर्वजयाचं उद्या आहे, आणि सर्वजया हे दुर्गाचं उद्या. तीन वयांत एकच बाई उभी आहे.

दुर्गाच्या मैत्रिणीचं लग्न होतं. सजलेल्या नवरीकडे पाहताना दुर्गाचे डोळे भरून येतात. तिच्यापुढे मोठं होण्याची तेवढी एकच वाट ठेवलेली आहे, आणि गरिबीमुळे तीही बंद दिसते. पावसाळ्याचा पहिला जोरदार पाऊस येतो. दुर्गा केस मोकळे सोडून चिंब भिजते. अख्ख्या सिनेमात ती स्वतःसाठी एवढी मोकळी कधीच नसते. त्यातून ताप भरतो. वादळी रात्री, मोडक्या दाराला आई पाठ लावून बसलेली असताना, दुर्गा जाते.

हरिहर परत येतो. त्याला काही माहीत नाही. त्याने आणलेल्या वस्तू तो एकेक दाखवतो. दुर्गासाठी साडी आणली आहे. सर्वजया ती साडी तोंडाशी धरते आणि फुटते. तिचा हंबरडा रायनी ऐकू दिलेला नाही. त्या जागी तार-शहनाई वाजते. आईचं रडणं माणसाच्या आवाजात मावलंच नाही.

पुस्तकातलं काय राहिलं, काय बदललं

पुस्तकाचा सिनेमा होताना निवड करावी लागते, आणि कुणाला किती जागा द्यायची हे त्या निवडीतच ठरतं.

पहिला बदल इंदिर ठाकरुणचा. पुस्तकात ती सुरुवातीलाच मरते. सिनेमात रायनी तिला बराच काळ जगवलं, नातवंडांच्या वयाच्या पोरांशी तिची गट्टी दाखवली. हा मोठा लाभ. पण तिची कुलीन लग्नाची हकिगत सिनेमात नाही. त्यामुळे सिनेमात ती कुठलीही एक निराधार म्हातारी वाटते. पुस्तकात तिला निराधार करणारी रूढी नावानिशी उभी आहे. चेहरा मिळाला आणि इतिहास गेला.

दुसरा बदल आगगाडीचा. पुस्तकात दुर्गाला आगगाडी कधीच दिसत नाही. दोघं रूळ पाहायला जातात आणि वाट चुकतात. आजारपणात ती भावाकडे एवढंच मागते की मला गाडी दाखव. ते राहून जातं. सिनेमात दोघं काशच्या तुऱ्यांतून गाडीकडे धावतात. अपू रुळांपाशी पोहोचतो. दुर्गा धावता धावता पडते, मागे राहते. गाडी धूर सोडत निघून जाते. म्हणजे पुस्तकाने जे नाकारलं ते सिनेमाने अर्धं दिलं. आजारी दुर्गा पुढे भावाला सांगते की बरी झाले की पुन्हा जाऊ, नीट पाहू.

तिसरा बदल माळेचा. पुस्तकात दुर्गा गेल्यानंतर अपूला सोन्याची छोटी डबी सापडते आणि ती तो बांबूच्या बनात फेकतो. सिनेमात त्याला मण्यांची तीच माळ सापडते. म्हणजे दुर्गाने माळ घेतली होती. अपू ती तळ्यात टाकतो. पाण्यावरचं शेवाळ क्षणभर बाजूला होतं आणि पुन्हा मिटतं. बहिणीचं गुपित भावाने राखलं. आम्हाला वाटतं, अपू खरा मोठा होतो तो इथे. शाळेत नव्हे, आगगाडीपाशीही नव्हे. बहिणीला चोर म्हणणाऱ्या गावासमोर गप्प राहण्यात.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. हे घर ब्राह्मणाचं आहे, गरीब असलं तरी. गावात दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातींच्या बायांची घरं या कथेत कडेकडेनेच येतात. दुर्गाला पेरूसाठी चोर म्हटलं, तर त्यांच्या मुलींना काय काय म्हटलं गेलं असेल? या एका सिनेमाने सगळ्यांची गोष्ट सांगावी अशी अपेक्षा नको. पण ‘भारतातलं खेडं’ म्हणून जग जे पाहतं, त्यात कोण नाही, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

गरिबी दाखवली, की बाया दाखवल्या?

३ मे १९५५ ला हा सिनेमा पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या संग्रहालयात दाखवला गेला. कलकत्त्यात २६ ऑगस्टला लागला. १९५६ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला माणसाचं जगणं उत्तम टिपल्याबद्दल खास पुरस्कार मिळाला. देशात सर्वोत्तम चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदकही मिळालं. हे पदक सुरू झालं तेव्हा पहिलं कुणाला मिळालं, ते आपल्याला अभिमानाने माहीत आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला, साने गुरुजींच्या पुस्तकावरून केलेल्या. म्हणजे त्या पहिल्या काही वर्षांत दोनदा हे पदक पुस्तकावरून केलेल्या, गरीब घरातल्या मुलाच्या वाढीच्या सिनेमाला मिळालं. दोन्हींत आई आहे. श्यामची आई संस्कार देते. अपूची आई चिडते, चुकते, रडते. दोन्ही आया खऱ्या आहेत, पण आपल्याला बहुतेक वेळा पहिलीसारखंच व्हायला सांगतात.

सगळ्यांनी कौतुकच केलं असं नाही. १९८० साली अभिनेत्री आणि राज्यसभेच्या सदस्य नर्गिस यांनी टीका केली की राय परदेशात भारताचं दारिद्र्य नेऊन दाखवतात. नर्गिस यांनीच १९५७ च्या ‘मदर इंडिया’मध्ये शेतकरी बाईचं अजरामर काम केलं होतं. ती राधा नांगर ओढते, पूर आला तरी हटत नाही, शेवटी न्यायासाठी स्वतःच्या लेकावर गोळी झाडते. एका बाजूला अशी डोंगराएवढी बाई, दुसऱ्या बाजूला मोडक्या दाराला पाठ लावून बसलेली सर्वजया.

हा प्रश्न आपला आहे. आपली गरिबी कुणी दाखवली तर आपला अपमान होतो का? आम्हाला वाटतं, कशी दाखवली त्यावर ते ठरतं. बाईला फक्त कीव येण्यासाठी उभी केली, तिला नाव नाही, राग नाही, आवडनिवड नाही, तर तो अपमान. दुर्गाला पेरू आवडतात, चिंच-मिठाचं चाटण आवडतं, पाऊस आवडतो. ती माळ घेते आणि कबूल करत नाही. ती गरीब आहे, पण गरिबी हीच काही तिची सगळी ओळख नव्हे. आणि ‘मदर इंडिया’सारखी थोर बाई दाखवणंही पुरेसं नाही. डोंगर होता येत नाही अशा बायाच जास्त आहेत.

आणखी एक आठवण ठेवा. ज्या १९५५ साली हा सिनेमा लागला, त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला. हिंदू पुरुषाला एक बायको असताना दुसरी करायला त्याने बंदी केली. विद्यासागरांनी जे मागितलं होतं ते ऐंशीहून जास्त वर्षांनी मिळालं. इंदिर ठाकरुणला न्याय द्यायला तो फार उशिरा आला, पण पुढच्या इंदिर कमी व्हाव्यात म्हणून आला. सिनेमाने चेहरा दाखवला, कायद्याने हक्क लिहिला. दोन्हीची गरज असते.

उमा पुढे काय झाली

दुर्गाचं काम केलेल्या उमा दासगुप्ता पुढे सिनेमात रमल्या नाहीत. जगभर चेहरा पोहोचला, तरी त्या आपल्या वाटेने गेल्या आणि शाळेत शिक्षिका झाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या वारल्या. पडद्यावर जिला शाळेचं दार कुणी दाखवलं नाही, तिचं काम करणारी मुलगी आयुष्यभर लेकरांना शिकवत राहिली. हे कुण्या लेखकाने लिहिलेलं नाही, ते घडलेलं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, गटात किंवा घरातल्या मोबाइलवर हा सिनेमा पाहायला मिळाला तर एकदा जरूर बघा. भाषा कळली नाही तरी अडणार नाही, त्यात बोलणं कमीच आहे. पाहताना अपूवर जीव जडेल, जडू द्या. पण शाळेला निघालेल्या अपूच्या मागे दारात कोण उभं आहे, तिकडेही लक्ष असू द्या. आणि सिनेमा संपला की आपापल्या घरातल्या, वाडीतल्या, वस्तीवरच्या मुलींची नावं एकेक करून मोठ्याने घ्या. कोण शाळेत जाते, कोण धाकट्याला सांभाळायला घरी थांबली, कुणाचं लग्न ठरवायची घाई चालली आहे. यादी करा. पुढच्या बैठकीत त्या यादीवर बोला, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्याच मुलींविषयी बोलू.